तिच्या वतीनं दिलेला शब्द

वरची खोली तिला द्यायची की नाही, यावरून आई-बाबांचं दोन दिवस बिनसलं होतं. बाबा रेल्वेतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात बसल्या बसल्या त्यांना प्रत्येक गोष्टीत अडचण दिसायची.

"परदेशी बाई हाये ते. आपल्याकडं देशी संडास. नळ येते पहाटे. कशी राहीन ते इथं?"

"माणसंच राह्यतेत ना घरात," आई म्हणाली. "ते काय हत्ती हाये?"

तिला माझ्या कॉलेजच्या सरांनी आमच्याकडे पाठवलं होतं. युरोपातल्या एका थंड देशातली ती. वय तिशीच्या जरा पुढचं. खोकडांवर, म्हणजे माळावर बिळं करून राहणाऱ्या लहान कोल्ह्यासारख्या जनावरांवर, तिला काम करायचं होतं, आणि त्यासाठी तिनं आमच्या रायपूरच्या बाहेरचा मुलूख निवडला होता. राज्य नवं झालं होतं आणि शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर नवी राजधानी उभी राहत होती. रस्ते आधी झाले होते. सहा-सहा गाड्या शेजारी धावतील एवढे रुंद, आणि त्यांवर दिवसभरात मोजक्या गाड्या. त्या रस्त्यांच्या मधे जो उघडा, मुरमाड, तांबडा माळ उरला होता त्याला तिकडे भाठा म्हणतात. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाणी साचतं, भाठ्यावर साचत नाही, म्हणून खोकडं बिळं तिथं करतात.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून घरी बसले होते. मला मराठी, हिंदी आणि मोडकं इंग्रजी येत होतं. आणि जन्म इथलाच असल्यामुळे छत्तीसगढी येत होती, जी घरात कुणी बोलत नसे. सरांनी तिला सांगितलं, हिला घेऊन जा, हिच्याशिवाय गावात तुमच्याशी कुणी बोलणार नाही. ते खरं होतं.

स्टेशनजवळच्या लॉजवर तिला पहिल्याच आठवड्यात ताप भरला. मी तिला रिक्षात घालून घरी आणलं, आणि खोली द्यायची की नाही हा प्रश्न मग उरलाच नाही. आईनं तिला अकरा दिवस मऊ भात आणि मुगाचं पाणी दिलं. कपाळावर पट्ट्या ठेवल्या. बाबांनी कुठून तरी एक प्लास्टिकची खुर्ची आणली, तिची बैठक मधोमध कापली आणि संडासात ठेवली. दोन महिन्यांनी ती खुर्ची तिनं स्वतःच धुऊन गच्चीवर आणून ठेवली. "आता नको, बाबा," म्हणाली. बाबांना एवढा आनंद झाला की ते आमच्या बूढापारा वस्तीच्या चौकात चार जणांना सांगून आले.

ती मराठी शिकली ती आमच्या स्वयंपाकघरात, आईच्या शेजारी पाटावर बसून. त्यामुळे तिची मराठी आईचीच झाली. "मले भूक लागून राहिली," असं ती इतक्या सहज म्हणायची की पुण्याहून आलेली माझी मावसबहीण हसून लोळली. माझा भाऊ भनपुरीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला होता. त्याला मराठी कळायची, पण तो उत्तर हिंदीतच द्यायचा. आई त्याला म्हणायची, "त्या गोऱ्या पोरीले येते, तुले काहून नाही येत?" तो म्हणायचा, "उसको शौक है, अम्मा."

मी तिला दीदी म्हणायचे. इथं मोठीला सगळेच दीदी म्हणतात, भाजीवालाही म्हणतो. पण मला सख्खी बहीण नव्हती, आणि वर्षभरात त्या शब्दाचा अर्थ माझ्यापुरता बदलला. आम्ही एका तांब्यातून पाणी पीत होतो. तिला घरची आठवण आली की ती गच्चीच्या कठड्यावर बसून जवळच्या बूढातालाब तळ्याकडे तोंड करून गाणं गुणगुणायची आणि मी मुद्दाम काही विचारायचे नाही. संक्रांतीला आईनं तिला हळदीकुंकवाला बसवलं. गल्लीतल्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या. तिनं मात्र कुणाचं काय आहे, कुणाचा मुलगा कुठल्या शाळेत आहे, हे नीट लक्षात ठेवलं होतं आणि प्रत्येकीला विचारत होती.

एकदाच आईला तिचा खरा राग आला. खोकडं काय खातात ते कळण्यासाठी आम्ही त्यांची विष्ठा गोळा करायचो, कागदी पुड्यांत भरून वाळवायचो आणि मग फोडून पाहायचो. बोराच्या बिया, भुंग्यांचे पंख, उंदराचे दात. दीदीनं त्या पुड्या गच्चीवर आईच्या वड्यांच्या शेजारी मांडल्या.

"हे काय वाळवून राहिली?"

"खोकडाची शी, आई."

आईनं वड्यांची चादर उचलली आणि दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी आभाळ आलं तेव्हा आम्ही दोघी घरी नव्हतो. परतलो तर पुड्या आत, माझ्या पलंगाखाली एका ओळीत ठेवलेल्या. त्यांवरचे आकडे वर येतील अशा बेतानं.

कामाचं सांगायचं तर पहिले तीन महिने हातात काही आलं नाही. पहाटे स्कूटीवर निघायचं, उजाडायच्या आत भाठ्यावर पोहोचायचं, ऊन चढेपर्यंत फिरायचं. गावातली माणसं आम्हाला बघून गप्प व्हायची. त्या भागात त्या वर्षांत कागद-पेन घेऊन जो कुणी आला तो जमिनीसाठीच आला होता. "कौन विभाग से हो?" एवढंच विचारायचे. मी खोकडांचं सांगितलं की एकमेकांकडे बघायचे. खोकडांसाठी कुणी समुद्रापलीकडून येतं, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांचं काही चुकत होतं असंही मला वाटत नव्हतं. आम्हाला दोन बिळं सापडली, दोन्ही सोडलेली. एकात साप राहत होता.

मग ती बाई भेटली.

पन्नाशीची असेल. लुगड्यावर पुरुषाचा शर्ट, हातात काठी, पंचवीसेक शेळ्या आणि दोन कुत्री. ती कित्येक दिवस आम्हाला लांबून बघत होती, आणि आम्ही चुकीच्या दिशेला निघालो की हसायची, हे आम्हाला नंतर कळलं. एके दिवशी स्वतःच जवळ आली.

"का खोजत हव, नोनी?" काय शोधताय, पोरी?

मी सांगितलं. ती म्हणाली, एवढंच? मला सगळी माहीत आहेत. पाच आहेत का सात, तेवढं मोजलं नाही. मी तिला काकी म्हटलं, तिच्या शेजारी दगडावर बसले आणि दाखव म्हटलं. ती लगेच हो म्हणाली नाही. तिच्या नवऱ्याची जमीन दिराच्या नावावर होती आणि तीही राजधानीसाठी घेतली गेली होती. तिच्याकडे राहिल्या होत्या शेळ्या आणि हा भाठा, जो कुणाच्याच नावावर नव्हता.

"जेन कागद मा चढथे, तेन जाथे," ती म्हणाली. जे कागदावर चढतं ते जातं. "मेम ला कह, कागद मा झन लिखय, कोनो ला झन बतावय. तब देखाहूँ."

मी दीदीला ते मराठीत सांगितलं. नीट, एकेक शब्द. कागदावर लिहायचं नाही, कुठं आहेत ते कुणाला सांगायचं नाही, तरच दाखवीन, असं ती म्हणते आहे. दीदीनं डोक्यावरची टोपी काढली. ती अशा वेळी टोपी काढायची, तिच्या देशातली पद्धत असावी.

"सांग तिला. कुठं आहेत ते मी कुणाला दाखवणार नाही. माझा शब्द."

मी काकीला सांगितलं की मेम जबान देते आहे. काकीनं दीदीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "अउ तोर?" आणि तुझी?

"मोर घलो," मी म्हणाले. माझीपण.

त्या उन्हाळ्यात तिनं आम्हाला नऊ बिळं दाखवली. काही इतकी जवळ होती की आम्ही तीन महिने त्यांच्यावरून चालत होतो. एका मादीचा कान फाटलेला होता, ती आम्हाला ओळखायला लागली. पिल्लं बाहेर यायची ती वेळ काकीला घड्याळाशिवाय कळायची. ती शेळ्या मुद्दाम लांब वळवायची आणि आमच्याजवळ पालथी पडून बघायची. दीदी तिला दुर्बीण द्यायची. पहिल्यांदा दुर्बिणीतून पिल्लू दिसलं तेव्हा काकीनं हात पुढे करून ते धरायला पाहिलं, आणि मग तिघीही तोंडावर पदर, ओढणी, टोपी धरून हसत राहिलो. दुपारी ती तिच्या डब्यातलं बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि मिरचीबरोबर आम्हाला द्यायची. दीदी ते इतकं आवडीनं खायची की आईनं घरीही करायला सुरुवात केली. बाबा नाक मुरडायचे.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. एका सकाळी काकी स्वतःच आमच्याकडे आली. म्हणाली की काल संध्याकाळी तिच्या मोठ्या कुत्र्यानं एक पिल्लू मारलं. आम्ही तिथं नव्हतो. तिनं सांगितलं नसतं तर आम्हाला कधी कळलंही नसतं, पिल्लं अशीही दोन-चार नाहीशी होतातच. तिनं त्या कुत्र्याला काठीनं बडवलं होतं आणि मग स्वतःच रडली होती, कारण कुत्रा म्हातारा होता आणि लांडग्यांपासून त्यानं तिच्या शेळ्या वर्षानुवर्षं राखल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला दोरीनं कमरेला बांधून आणायला लागली.

मी ते सगळं दीदीला सांगितलं. तिनं ऐकलं, काकीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग वहीत काहीतरी लिहिलं. ती नेहमीच वहीत लिहायची. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पावसाळा संपल्यावर दीदी एकटीच शहरात जायला लागली. व्हिसाचं काम आहे म्हणायची. मी वरच्या खोलीत गेले की लॅपटॉप मिटायची. आईला वाटलं, कुणीतरी आवडलं असेल. "कोण हाये, सांगून दे," असं तिला चिडवायची आणि दीदी लाल व्हायची. मीही त्यात सामील व्हायचे. आज त्या आठवणीनं मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

हिवाळ्याच्या शेवटी तिनं आम्हाला एका कार्यक्रमाचं निमंत्रण दिलं. एका संस्थेला नव्या राजधानीत जागा मिळाली होती, तिथं तिच्या कामाचं प्रदर्शन होतं. "तुम्ही सगळे या," म्हणाली, "माझ्याकडून दुसरं कुणी नाही." आईनं तिला स्वतःची मोरपंखी रेशमी साडी नेसवली. बाबांनी शर्टाला इस्त्री करून घेतली. भावानं ऑफिसची जीप मागून आणली. भाठ्यावरून जाताना मी आईला हाताच्या इशाऱ्यानं दाखवत होते की आम्ही इथं बसतो, तिथं पाणी पितो.

इमारतीच्या दालनात भिंतीवर काचेमागे मोठे फलक होते. मधल्या फलकावर नकाशा होता. मी तो ओळखला, आणि ओळखायला नको होता असं वाटलं. नऊ लाल ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या बाजूला आकडे, ज्यांच्या आधारे कुणीही सरळ त्या बिळाच्या तोंडाशी जाऊन उभं राहू शकतं. आणि त्यांच्यामधून जाणारी एक काळी तुटक रेघ. ती रेघ म्हणजे काकीची रोजची वाट होती. खाली तिचा फोटो, पाठमोरा. शर्ट, काठी, शेळ्या, दोरीनं बांधलेला कुत्रा. फोटोखाली इंग्रजीत लिहिलं होतं की गुराखी आणि त्यांची कुत्री हा या बिळांना असलेला मुख्य धोका आहे, कुत्र्यानं पिल्लू मारल्याची नोंद आहे. आणि त्याखाली शिफारस: हा भाग कुंपणात घ्यावा, चराई बंद करावी. आता हा माळ ज्या संस्थेला मिळाला होता, म्हणजे हीच, तिनं ती शिफारस मान्य केल्याचंही लिहिलेलं होतं.

"काय लिवलं हाये?" आईनं विचारलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, अक्षरं तेवढी लागायची.

बाबांनी वाचलं होतं. मग त्यांची नजर अगदी तळाशी गेली आणि त्यांच्या तोंडून निघालं, "तुह्यं नाव हाये."

होतं. आभार मानलेल्यांच्या यादीत माझं नाव पहिलं होतं, पूर्ण, वडिलांच्या आडनावासकट. आईनं काचेवर बोट ठेवलं आणि ते नाव चाचपडत चाचपडत शोधलं. तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान मला बघवेना. दालनाच्या दुसऱ्या टोकाला दीदी कुणा अधिकाऱ्याशी बोलत होती, साडीचा पदर सावरत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. तेव्हा मला कळलं की हे तिला माहीत होतं. मला काय वाटणार आहे हे तिला आधीपासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर गेले. ती पुड्या खोक्यात भरत होती.

"तू काकीला शब्द दिला होतास."

"हो."

"मग?"

ती खाली बसली. "तिथं या संस्थेचं पार्किंग होणार होतं. एका महिन्यात जेसीबी येणार होता. मी नकाशा दाखवला म्हणून ते थांबले. नसता दाखवला तर बिळं गेली असती. पिल्लांसकट."

"हे तुला कधी कळलं?"

"दिवाळीच्या आधी."

"आणि मला काहून नाही सांगितलं?"

"तू तिला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं."

"म्हणून," ती म्हणाली.

खालून कुकरची शिट्टी झाली. मग मी म्हटलं, बिळं वाचवायची होती तर एवढंच सांगायचं की इथं खोकडं आहेत. काकीची वाट नकाशावर कशाला काढलीस? तो फोटो कशाला लावलास? त्या कुत्र्याचं तर तिनं स्वतःहून सांगितलं होतं, तुला नाही, मला सांगितलं होतं.

"ते खरं आहे ना पण?" ती म्हणाली. "पिल्लू मेलं, हे खरं आहे. मी ते कसं लपवू?" आणि मग आईच्याच बोलीत, "मी खोकडांसाठी आली इथं. काकीसाठी नाही आली."

"आमच्या ताटात जेवत होतीस तू. इतके महिने. रोज."

ती रडायला लागली. तिला रडताना पाहून पूर्वी मी कासावीस व्हायचे. त्या दिवशी मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. जिन्यात आई उभी होती, हातात उलथनं तसंच. तिनं किती ऐकलं ते मला माहीत नाही. ती खाली गेली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच स्कूटी काढून भाठ्यावर गेले. कुंपणाचे लोखंडी खांब येऊन पडले होते. काकी बोरीच्या झुडपाखाली बसली होती. खांब कशाचे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगावं लागलं. मी तिला सगळं सांगितलं, नकाशा, फोटो, कुत्र्याचं, चराई बंदीचं. मेमनं आपल्याला फसवलं, असंही म्हणाले.

काकी खांबांकडे बघत होती. मग म्हणाली, "मेम के बोली तो मैं समझँव घलो नहीं. तैं कहे रहे, नोनी."

मेमची भाषा तर मला कळतही नाही. तू म्हणाली होतीस.

तिचा आवाज चढला नाही. तिनं शेळ्यांना हाक दिली, कुत्र्याची दोरी कमरेला नीट बांधली आणि ती निघून गेली. मी हाक मारली तेव्हा एकदाही मागे वळली नाही.

मी गप्प बसले नाही, एवढं सांगायला हवं. बाबांनी त्यांच्या रेल्वेतल्या इंग्रजीत एक अर्ज लिहून दिला की कुंपणातून शेळ्यांसाठी वाट ठेवावी. तो घेऊन मी त्या संस्थेत गेले. माझ्याच वयाचा एक अधिकारी होता, अतिशय सभ्य. त्यानं मला बसवलं, चहा मागवला, आणि एक फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. आत आमच्या नोंदींच्या प्रती होत्या. अक्षर माझं होतं. कुठल्या दिवशी शेळ्या किती, कुत्री किती, बिळापासून किती अंतरावर, हे सगळं मी स्वतः भरलं होतं, दोन उन्हाळे, गुडघ्यावर वही ठेवून.

"मॅडम, ये तो आप ही का डेटा है," तो म्हणाला. मला टोमणा मारत नव्हता, खरंच त्याला प्रश्न पडला होता.

बिळांची जागा कागदावर येऊ देणार नाही असं मी म्हणाले होते, आणि त्याच वेळी तिच्या शेळ्या रोज कागदावर मांडत होते. तेव्हा ते मला वेगवेगळं वाटलं होतं. अर्जाचं उत्तर आलं, विचाराधीन म्हणून. पुढे काही आलं नाही.

दीदी दोन आठवड्यांनी गेली. त्या दोन आठवड्यांत आम्ही कामापुरतं बोललो. आईनं तिच्यासाठी वड्या आणि तिळाचे लाडू बांधले. मला ते सहन झालं नाही. मी आईला म्हटलं, तुला काही वाटत नाही का?

"वाट्टे ना," आई म्हणाली. "पण तापात होती तवा मी तिले माह्या हातानं भात चारला. ते मी आता वापस कसं घेऊ?"

ती निघाली त्या दिवशी स्टेशनवर मी गेले नाही. भावाबरोबर भनपुरीला गेले आणि त्याच्या ऑफिसात बिल्ट्यांच्या, म्हणजे मालाच्या पावत्यांच्या, गठ्ठ्यांमागे बसून राहिले. बाहेर ट्रक मागे घेत होते, धूळ आत येत होती. भावानं मला चहा आणून दिला आणि म्हणाला, "छोड ना. उसका काम हो गया, वो गई." त्याच्या परीनं तो समजूत घालत होता. मी चहा प्यायले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसले.

कुंपण झालं. पहिल्या वर्षी खोकडं आत राहिली, फाटक्या कानाची मादीसुद्धा, असं तिथल्या चौकीदारानं मला सांगितलं. मग आत हिरवळ लावली, फवारे बसवले, ओळीनं झाडं लावली. ओल्या जमिनीत खोकड बीळ धरत नाही. दुसऱ्या वर्षी एकही नव्हतं. तिचा शोधनिबंध छापून आला, त्याची प्रत टपालानं आली. माझं नाव त्यातही आहे असं बाबांनी पाकीट उघडून सांगितलं. मी वाचलेला नाही.

मी पुढे एका कॉलेजात शिकवायला लागले. काकीला मी पाच-सहा वर्षांनी पाहिलं. नव्या राजधानीतल्या त्या रुंद रस्त्यावर नारिंगी जॅकेट घालून बायकांची एक रांग झाडत होती, त्यांत ती होती. मी गाडी बाजूला घेतली. तिनं मला लगेच ओळखलं. शेळ्या विकल्या, म्हणाली. चारायला नेणार कुठं? म्हातारा कुत्रा मेला. गुडघे दुखतात, पण महिन्याच्या महिन्याला पगार येतो, सून आता नीट बोलते. माझं लग्न झालं का विचारलं. एवढं सगळं ती बोलली याचंच मला आश्चर्य वाटलं आणि मी धीर करून विचारलं, खोकडं कुठं गेली, तुला माहीत असेल.

"हवँ," ती म्हणाली. आहेत.

"कुठं?"

तिनं झाडू दुसऱ्या हातात घेतला. "नइ बतावँव, नोनी." सांगणार नाही.

मी म्हटलं, बरोबर आहे. ती पुन्हा झाडायला लागली. दुरून तिच्या मुकादमानं शिट्टी वाजवली, कारण ती रांगेच्या मागे पडली होती. मी गाडी सुरू केली.

दीदीचा फोन दर दिवाळीला येतो. आईशी बोलते, अजून त्याच बोलीत. फोन आला की मी त्या खोलीतून उठते, घरात सगळ्यांना हे माहीत आहे. गेल्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्याला पट्टी होती, आणि बाबा बाहेर गेले होते, म्हणून फोन मला उचलावा लागला. तिनं माझा आवाज ओळखला. मग आईचा डोळा कसा आहे विचारलं. मी सांगितलं.

"तू अजून रागात आहेस?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. पलीकडे कुणीतरी लहान मूल तिच्या भाषेत काहीतरी मागत होतं, तिनं त्याला थांब म्हटलं असावं. मग म्हणाली, "आईले दे."

मी आईच्या हातात फोन दिला आणि तिचा हात नीट कानापाशी नेऊन ठेवला, कारण पट्टीमुळे तिला त्या बाजूचं दिसत नव्हतं.